ब्लॅक फॉरेस्ट कपकेक

ब्लॅक फॉरेस्ट कपकेक हा ब्लॅक फॉरेस्ट केक या जर्मन थरांच्या केकवरून तयार झालेला, पोटात चेरीचे सारण भरलेला लहान चॉकलेट केक आहे. कोको घातलेला मऊ केक, आंबट चेरी, किर्शवासर हे चेरीपासून गाळलेले मद्य आणि फेटलेले क्रीम हे मूळ केकचे चार प्रमुख घटक यातही असतात; त्यांची मांडणी मात्र बदलते. मूळ केकमध्ये हे घटक एकावर एक आडव्या थरांत रचलेले असतात, तर कपकेकमध्ये चेरी केकच्या पोटात आणि क्रीम डोक्यावर जाते. हा प्रकार प्रामुख्याने घरगुती बेकिंगमधून रूढ झाला. त्याला कापण्याची गरज नसते आणि प्रत्येक खाणाऱ्यास स्वतंत्र नग मिळतो, म्हणून वाढदिवस व छोट्या समारंभांसाठी तो केला जातो.

नाव

ब्लॅक फॉरेस्ट हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातील श्वार्त्सवाल्ड या डोंगराळ वनप्रदेशाचे इंग्रजी नाव आहे. श्वार्त्सवाल्ड या शब्दाचा अर्थ 'काळे अरण्य' असा होतो. मूळ केकचे जर्मन नाव 'श्वार्त्सव्हेल्डर किर्शटोर्टे', म्हणजे 'श्वार्त्सवाल्डचा चेरी केक', असे आहे. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. केकमध्ये वापरले जाणारे किर्शवासर या प्रदेशाची ओळख असल्याने हे नाव पडले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार चॉकलेटचे काळे कीस गडद अरण्याची आठवण करून देतात. तिसरे मत या प्रदेशातील स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखाकडे बोट दाखवते. तेथील काही गावांत अविवाहित मुली 'बोलेनहूट' नावाची, मोठे तांबडे लोकरी गोंडे लावलेली टोपी घालतात. काळा पोशाख, पांढरे पोलके आणि तांबडे गोंडे ही रंगसंगती केकमधील चॉकलेट, क्रीम व चेरी यांच्याशी जुळते.

मूळ केक

ब्लॅक फॉरेस्ट केकच्या जनकत्वाचे श्रेय वादग्रस्त आहे. योझेफ केलर (१८८७–१९८१) या मिठाई कारागिराने आपण १९१५ मध्ये बाड गोडेसबर्ग येथील एका कॅफेत हा केक प्रथम केल्याचा दावा केला होता. बाड गोडेसबर्ग हे आज बॉन शहराचा भाग असून ते श्वार्त्सवाल्डपासून बरेच दूर आहे. ट्युबिंगेन शहराच्या अभिलेखागारातील उडो राउख यांनी मात्र हे श्रेय ट्युबिंगेनच्या कॅफे वाल्त्समधील एर्विन हिल्डेनब्रँड या कारागिरास दिले असून त्याचा काळ १९३० मानला आहे. या केकचा लिखित उल्लेख १९३४ मध्ये जे. एम. एरिख वेबर यांच्या मिठाईविषयक पुस्तकात आढळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हा केक जर्मनीबाहेर पसरला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात तो उपाहारगृहांतील जेवणानंतरचा अत्यंत लोकप्रिय गोड पदार्थ होता.

जर्मनीतील खाद्यपदार्थ संहितेच्या मार्गदर्शक निकषांत या नावाने विकल्या जाणाऱ्या केकचे वर्णन दिलेले आहे. त्यानुसार केकचे सारण क्रीमचे किंवा बटरक्रीमचे असते, त्यात चेरी असतात आणि किर्शवासरचा स्वाद स्पष्टपणे जाणवेल इतके त्याचे प्रमाण असते. गडद थरांत किमान ३ टक्के कोको अपेक्षित असतो. बाहेरून क्रीमचा लेप व वर चॉकलेटचे कीस असतात. तळाशी खुसखुशीत बिस्किटासारखा थर देण्याचीही मुभा आहे. म्हणजेच या निकषांनुसार चॉकलेट व चेरी एवढ्यावरून केकची ओळख ठरत नाही. किर्शवासर हा त्यातील ऐच्छिक नव्हे, तर ओळख ठरवणारा घटक आहे.

कपकेक व सारणाची पद्धत

अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ मधील 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. 'कप केक' हा शब्द एलायझा लेस्ली यांच्या १८२८ मधील पाककृतींच्या पुस्तकात आढळतो. त्या काळात या शब्दाला दोन अर्थ होते: कपात भाजलेला केक आणि वजनाऐवजी कपाने साहित्य मोजून केलेला केक. पुढे पहिला अर्थ टिकला. अमेरिकेत १९१९ पासून कारखान्यात तयार केलेले होस्टेस कंपनीचे चॉकलेट कपकेक विकले जाऊ लागले आणि १९५० मध्ये त्यांच्या पोटात क्रीमचे सारण भरण्यास सुरुवात झाली.

कपकेकमध्ये सारण भरण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

१. भाजलेल्या केकच्या मध्यभागी टोकदार सुरीने किंवा गोल कातणीने खळगा करून त्यात सारण भरणे व वर कापलेल्या भागाची चकती झाकणासारखी बसवणे.
२. लांब तोटी लावलेल्या पिशवीने केकच्या पोटात सारण दाबून भरणे.
३. कच्च्या मिश्रणातच सारणाचा गोळा ठेवून केक भाजणे.

ब्लॅक फॉरेस्ट कपकेकसाठी पहिली पद्धत सर्वांत सोयीची ठरते. चेरीचे तुकडे अरुंद तोटीतून जात नाहीत, त्यामुळे दुसरी पद्धत क्रीम किंवा कस्टर्डसारख्या गुळगुळीत सारणापुरती मर्यादित राहते. तिसऱ्या पद्धतीत चेरीचे जड सारण पातळ मिश्रणात तळाशी बसते आणि त्याच्या ओलाव्याने भोवतालचा केक कच्चा राहतो.

रूपांतराचे स्वरूप

मोठ्या केकचे मिश्रण लहान साच्यांत ओतले म्हणजे रूपांतर पूर्ण होत नाही. आकार लहान होताच घनफळाच्या तुलनेत पृष्ठभाग वाढतो. २० सेंटीमीटर व्यासाच्या व १० सेंटीमीटर उंचीच्या केकमध्ये प्रत्येक घन सेंटीमीटरमागे सुमारे ०.४ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग असतो. वरचा व्यास ७, तळाचा ५ आणि उंची ३.५ सेंटीमीटर असलेल्या कपकेकचे घनफळ सुमारे १०० घन सेंटीमीटर भरते आणि त्यात हेच प्रमाण सुमारे १.३ होते, म्हणजे तिपटीहून अधिक. परिणामी कपकेक लवकर भाजला जातो आणि तितक्याच लवकर कोरडाही पडतो.

मूळ केकमधील हलके थर अंडी व साखर फेटून केलेले असतात आणि त्यांत स्निग्ध पदार्थ कमी असतो. असे थर स्वतः कोरडे असले तरी किर्शवासर घातलेला पाक, चेरीचा रस आणि दोन्ही बाजूंचे क्रीम त्यांना ओले ठेवतात. कपकेकमध्ये क्रीम फक्त वरच्या बाजूला असते आणि पाकही मर्यादित प्रमाणातच शोषला जातो. म्हणून घरगुती कृतींत बहुधा तेल घातलेला, अधिक ओलसर चॉकलेट केक निवडतात. तेल थंडीत घट्ट होत नाही, त्यामुळे शीतकपाटात ठेवलेला कपकेकही मऊ राहतो. लोण्याचा केक मात्र थंड झाल्यावर कडक लागतो.

दुसरा बदल सारणाच्या घट्टपणात होतो. ३ सेंटीमीटर व्यासाच्या व २.५ सेंटीमीटर खोलीच्या खळग्यात सुमारे १८ मिलीलीटर, म्हणजे मोठ्या चमच्यापेक्षा थोडे अधिक सारण मावते. हा कपकेकच्या घनफळाचा साधारण सहावा भाग आहे. सारण पातळ असल्यास ते काही तासांत तळापर्यंत झिरपते आणि कागदी वाटी ओली होऊन सुटते. खळग्याखाली किमान १ सेंटीमीटर केक शिल्लक ठेवणे व सारण स्टार्चने घट्ट करणे हे त्यावरील दोन उपाय आहेत.

घटक

कोको: साधी कोको पावडर आम्लधर्मी असते आणि खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून केक फुगवण्यास मदत करते. अल्कली प्रक्रिया केलेली, 'डच' म्हणून ओळखली जाणारी कोको पावडर गडद रंगाची व सौम्य चवीची असते. तिच्यात हे आम्ल उरत नसल्याने सोड्यासाठी ताक, दही किंवा व्हिनेगर यांसारखे दुसरे आम्ल लागते. गरम पाणी किंवा कॉफी ओतल्याने कोकोचा स्वाद खुलतो.

चेरी: मूळ केकसाठी आंबट चेरी वापरतात. जर्मनीत 'शाटनमोरेले' ही आंबट जात बरणीत रसासह मिळते. तिचा आंबटपणा चॉकलेट व क्रीम यांच्या गोडीला तोल देतो. गोड चेरी वापरल्यास साखर कमी करून लिंबाचा रस घालावा लागतो.

किर्शवासर: चेरीचा लगदा आंबवून व ऊर्ध्वपातित करून हे रंगहीन मद्य मिळवतात. ते गोड नसते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार फळांच्या अशा ऊर्ध्वपातित मद्यात अल्कोहोलचे प्रमाण किमान ३७.५ टक्के असावे लागते. 'श्वार्त्सव्हेल्डर किर्शवासर' या नावाला तेथे भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. चेरीची गोड लिकर हा वेगळा पदार्थ असून ती वापरल्यास पाकातील साखर कमी करतात.

क्रीम: नीट फेटले जाण्यासाठी क्रीममध्ये साधारण ३० टक्के किंवा अधिक स्निग्धांश लागतो. थंड क्रीम फेटताना स्निग्धकण एकमेकांना अंशतः चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे तयार करतात. क्रीम उबदार असल्यास हे जाळे टिकत नाही, तर गरजेपेक्षा जास्त फेटल्यास लोणी वेगळे होऊ लागते.

कृती

पुढील प्रमाण १२ कपकेकसाठी आहे.

केक: मैदा १२० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, अंडे १, आंबट ताक १२० मिलीलीटर, वास नसलेले तेल ६० मिलीलीटर, गरम पाणी किंवा कॉफी ८० मिलीलीटर.

सारण: बिया काढलेल्या आंबट चेरी १५० ग्रॅम, चेरीचा रस १०० मिलीलीटर, साखर ३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, किर्शवासर १५ मिलीलीटर.

पाक: चेरीचा रस ३० मिलीलीटर, किर्शवासर ३० मिलीलीटर.

सजावट: फेटण्याचे थंड क्रीम ३०० मिलीलीटर, पिठीसाखर ३० ग्रॅम, चॉकलेटचे कीस, अखंड चेरी १२.

प्रथम सारण करतात, कारण ते पूर्ण थंड होणे आवश्यक असते. कॉर्नफ्लोअर थोड्या थंड रसात कालवतात. उरलेला रस, साखर व अर्धवट कापलेल्या चेरी उकळून त्यात हे मिश्रण घालतात आणि एक ते दोन मिनिटे सतत ढवळत शिजवतात. मिश्रण पारदर्शक व चमकदार झाले की स्टार्च शिजला असे समजतात. आम्लयुक्त रसात स्टार्च फार वेळ उकळल्यास त्याचा घट्टपणा पुन्हा कमी होतो. भांडे आचेवरून उतरवल्यानंतरच किर्शवासर मिसळतात, कारण उकळत्या सारणात त्याचा सुवास उडून जातो.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेतात. मैदा, कोको, सोडा, बेकिंग पावडर व मीठ एकत्र चाळतात. अंडे, साखर, ताक व तेल घोटून त्यात कोरडे साहित्य घालतात आणि शेवटी गरम पाणी मिसळतात. मिश्रण पातळसरच असते. कोरडे पीठ दिसेनासे होताच ढवळणे थांबवतात, कारण अधिक घोटल्याने मैद्यातील ग्लुटेन वाढून केक चिवट होतो. साच्यातील कागदी वाट्या दोन तृतीयांश भरून १८ ते २० मिनिटे भाजतात. मध्ये खुपसलेली काडी कोरडी बाहेर आली की केक तयार झाला असे मानतात.

केक पूर्ण निवल्यावर प्रत्येकाच्या मध्यभागी खळगा करतात. खळग्याच्या आतील बाजूंवर सुमारे एक लहान चमचा पाक शिंपडून सारण भरतात. काढलेल्या तुकड्याची वरची पातळ चकती झाकण म्हणून बसवतात. क्रीम व पिठीसाखर एकत्र फेटून, घट्ट शिखरे उभी राहू लागली की तारांकित तोटीने वर रचतात. त्यावर चॉकलेटचे कीस पसरून एक चेरी ठेवतात.

दोष व कारणे

केक मध्यभागी खचणे हा वारंवार आढळणारा दोष आहे. सोड्याचे जादा प्रमाण, ओव्हनचे दार लवकर उघडणे किंवा केक अपुरा भाजला जाणे ही त्याची कारणे असतात. सारण भरायचे असल्याने किंचित खचलेला केक वाया जात नाही. उलट, कपकेकचा माथा फार उंच फुगून तडकल्यास ओव्हनचे तापमान जास्त असल्याचे समजावे. क्रीम वितळून ओघळत असेल तर बहुधा केक किंवा सारण कोमट असते. वरच्या चेरीभोवती क्रीमवर तांबडे ओघळ दिसू नयेत यासाठी चेरी वाढण्यापूर्वी निथळून व टिपून ठेवतात.

भारतातील रूपे

महाराष्ट्रासह भारतातील शहरी बेकऱ्यांत ब्लॅक फॉरेस्ट केक अननसाच्या केकइतकाच परिचित आहे. मात्र तेथे त्याचे स्वरूप मूळ केकपेक्षा बरेच बदललेले आहे. बहुतेक ठिकाणी मद्य वापरले जात नाही. त्याऐवजी साखरेचा पाक किंवा डबाबंद चेरीचा रस शिंपडतात. अनेक ग्राहक अंडे खात नसल्याने कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घालून केलेला अंडेविरहित केक सर्रास मिळतो. घरगुती कपकेकची भारतीय रूपेही याच वळणाने गेली आहेत. वरील कृतीतील अंड्याऐवजी सुमारे ५० ग्रॅम दही घालता येते. असा केक थोडा कमी फुगतो, पण ओलसर राहतो.

क्रीमच्या बाबतीतही फरक आढळतो. 'फ्रेश क्रीम' या नावाने मिळणाऱ्या पॅकबंद क्रीममध्ये साधारणपणे २० ते २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून ते घट्ट फेटले जात नाही. बेकऱ्यांत त्याऐवजी वनस्पतिजन्य चरबीपासून केलेले, आधीच साखर असलेले 'व्हिप टॉपिंग' वापरले जाते. ते उष्ण हवेत अधिक काळ टिकते, परंतु त्याला दुधाच्या क्रीमची चव नसते.

चेरीचा बदल सर्वांत लक्षणीय आहे. भारतात चेरीचे पीक मुख्यतः जम्मू-काश्मीर व हिमाचल प्रदेशात होते आणि ताज्या फळाचा हंगाम अल्प असतो. केक, आइस्क्रीम व पानावर लावली जाणारी लालभडक, चिवट गोड 'चेरी' पुष्कळदा चेरी नसून करवंद असते. कच्च्या करवंदातील बिया काढून ते रंगवतात व साखरेच्या पाकात मुरवतात. त्यामुळे ज्या फळावरून मूळ केकचे नाव पडले, ते फळच अशा केकमध्ये नसते. पाकवलेली करवंदे अतिशय गोड व रसहीन असल्याने कपकेकच्या सारणासाठी ती उपयोगी पडत नाहीत. गोठवलेली किंवा डबाबंद चेरी न मिळाल्यास कोकम किंवा लिंबाच्या रसाने आंबटपणा आणलेले गोड चेरीचे सारण मूळ चवीच्या अधिक जवळ जाते.

मद्याचा अंश व अन्नसुरक्षा

भाजल्याने मद्य उडून जाते, हा समज या पदार्थाला लागू होत नाही. किर्शवासर भाजलेल्या केकवर व आचेवरून उतरवलेल्या सारणात घातले जाते, त्यामुळे त्यातील जवळजवळ सर्व अल्कोहोल पदार्थात राहते. वरील कृतीत ४० टक्के तीव्रतेचे ४५ मिलीलीटर किर्शवासर लागते. त्यानुसार प्रत्येक कपकेकमध्ये सुमारे १.५ मिलीलीटर, म्हणजे १.२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. हे प्रमाण अल्प असले तरी लहान मुले, गर्भवती स्त्रिया, मद्य वर्ज्य असलेल्या औषधांवरील रुग्ण, व्यसनमुक्त झालेल्या व्यक्ती आणि धार्मिक कारणाने मद्य न घेणारे यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते. सारण बाहेरून दिसत नसल्याने कपकेककडे पाहून त्यात मद्य आहे की नाही हे ओळखता येत नाही. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र वाढताना मद्ययुक्त कपकेक वेगळ्या रंगाच्या वाटीत ठेवणे व तसे आधी सांगणे आवश्यक असते. मद्यविरहित सारणात किर्शवासरऐवजी चेरीचा रस आटवून घालतात आणि बदामाच्या अर्काचे एक-दोन थेंब टाकतात. चेरीच्या बियांतील व कडू बदामातील सुवासिक द्रव्य, बेंझाल्डिहाइड, एकच असल्याने हा पर्याय स्वादाच्या बाबतीत जवळचा ठरतो.

फेटलेल्या दुधाच्या क्रीममुळे हे कपकेक नाशवंत असतात. ते ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात झाकून ठेवतात आणि दोन दिवसांत संपवतात. सामान्य तापमानास ते दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नयेत. ३२ अंशांहून अधिक तापमानात ही मर्यादा एका तासाची मानली जाते. क्रीम न लावलेले साधे केक हवाबंद डब्यात गोठवता येतात. सारण दोन-तीन दिवस आधी करून शीतकपाटात ठेवता येते, त्यामुळे समारंभाच्या दिवशी केवळ भरणे व सजवणे एवढेच काम उरते.

तत्सम रूपांतरे

थरांच्या किंवा सारणाच्या इतर प्रसिद्ध केकचेही असेच कपकेक केले जातात. अमेरिकेतील बोस्टन क्रीम पाय हा नावाने पाय असला तरी प्रत्यक्षात केकच आहे. त्याच्या कपकेकमध्ये कस्टर्ड पोटात व चॉकलेटचा लेप वर असतो. नारळ व पेकानचे सारण असलेला जर्मन चॉकलेट केक हाही मूळचा अमेरिकन केक असून त्याचे नाव सॅम्युएल जर्मन या व्यक्तीवरून आले आहे. या सर्व रूपांतरांत मूळ केकमधील सर्वांत ओला घटक आत आणि हलका घटक वर ठेवण्याचे तत्त्व समान आढळते.

हेही पहा

कपकेक
केक
चेरी
करवंद
कोको